लांबून ओळख

सर मला रस्त्यात कधी ओळखत नसत. महाडच्या बाजारपेठेत अगदी समोर जाऊन हात जोडले, तरी ते चष्मा कपाळावर ढकलून विचारत, "आपण कोण?" मी नाव सांगितलं की ओशाळत आणि माझ्याच खांद्यावर हात ठेवून चालू लागत. पण हेच सर आपल्या खोलीच्या खिडकीत बसलेले असले आणि मी खालून मान खाली घालून जात असलो, तर वरून हाक ठरलेली.

"पोलादपूरकर, वर ये! चहा टाकलाय."

त्यांची खोली तांब्यापितळेच्या भांड्यांच्या एका दुकानावर होती. खिडकीतून दिवसभर महाडची डोकी दिसत. टोप्या, टकली, भांग, अंबाडे, डोक्यावरच्या पाट्या. सर म्हणायचे, "चेहऱ्यात काय असतं? नाक, डोळे, तोंड, सगळ्यांचं सारखंच. प्रत्येक डोक्याला मात्र स्वतःचा भूगोल असतो." खालचा दुकानदार हे ऐकून गिऱ्हाइकांना सांगे, "ह्यांना मुलगी दाखवायची होती माळ्यावरून. घरच्यांनी दाखवली ओटीवर. म्हणून राहिले बिनलग्नाचे."

सर यावर सगळ्यांत मोठ्यानं हसत.

ते आमच्या शाळेत भूगोल शिकवत. मी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आंबेनळी घाटाच्या अलीकडे डोंगरावर असलेल्या एका वाडीतला मुलगा. महाडला नातेवाइकांकडे राहून शिकत होतो. पहिल्या दिवशी सरांनी सगळ्या वर्गाला आपापलं घर काढायला सांगितलं. मी दार काढलं, ओटी काढली, वर उतरतं छप्पर काढलं. सरांनी पाटी हातात घेतली.

"हे पाहुण्याला दिसणारं घर झालं. घारीला काय दिसेल?"

"गवत," मी म्हणालो. आमचं घर गवतानं शाकारलेलं होतं आणि ते चारचौघांत सांगायची मला लाज वाटली होती.

"मग गवत काढ. गवतावर काय आहे?"

"भोपळ्याचा वेल."

"तोही काढ. हां, आता हे घर तुझं झालं."

तेव्हापासून "घारीला विचार" हे सरांचं पालुपद आमच्या डोक्यात बसलं. गणितात अडलेल्या मुलालासुद्धा ते घारीला विचारायला पाठवत.

पंगतीत सरांच्या शेजारी बसायला आम्ही धजत नसू. पानात भात पडला की ते त्याचे डोंगर रचायचे. बोटांनी दऱ्या पाडायचे, खिंडी करायचे, मग वाढणाऱ्याला थांबवून सांगायचे, "आमटी इथून सोडा. इथूनच. आता बघा, सावित्री कशी निघते." मागची पंगत ताटकळे. एका लग्नात वधूपित्यानं हात जोडून विनवलं, "सर, नदी समुद्राला मिळाली असेल तर जेवा आता." सरांनी शांतपणे पानाच्या कडेला साचलेल्या आमटीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "बाणकोटला पोचली. जेवतो."

मी मॅट्रिक झालो तेव्हा बाबांनी मला मुंबईला चुलत्याकडे गिरणीत पाठवायचं ठरवलं होतं. वाडीत त्याआधी कुणी मॅट्रिकपर्यंत गेलेलं नव्हतं, तेव्हा त्यांचं काही चुकत होतं असं नाही. सर एका रविवारी एकटेच डोंगर चढून आमच्या अंगणात उभे राहिले. आये घाईघाईनं तांब्या आणि घंगाळ घेऊन आली. सरांनी पाय धुतले, तोंड धुतलं, मान ओली केली, उरलेलं पाणी तुळशीला घातलं आणि ओटीवर बसून बाबांना म्हणाले,

"मुलगा वरून बघायला शिकलाय. अजून थोडा वर चढू द्या."

"आनि पडला तर, मास्तर?"

"पडला तर तुमच्याच अंगणात पडेल. दुसरीकडे कुठं जातोय?"

बाबा हसले आणि माझं कॉलेज ठरलं. आज माझ्या नावापुढे जी पदवी आहे तिची मुळं त्या एका वाक्यात आहेत, आणि हे मी कुणालाही सांगायला कधी संकोचत नाही.

त्या दिवशी मी सरांना पोचवायला खाली निघालो, तेव्हा वाटेत बायका भेटल्या. खालच्या सुकलेल्या वहाळात खड्डा करून, पाझरेल तसं पाणी वाटीवाटीनं हंड्यात भरून, त्या चढण चढत होत्या. सरांनी मला विचारलं, "हे पाणी कुठं चाललंय?" मी म्हणालो, "आपल्याकडेच. आयेनं दिलं ते हेच." थोडं खाली उतरल्यावर ते एका दगडावर बसले आणि आपल्या धुतलेल्या पायांकडे बघत राहिले. फाल्गुन लागला की आमच्या वाडीला पाणी नसे. आम्हाला ती नेहमीची गोष्ट होती. सरांच्या मनातून ती कधी गेली नाही.

मी पदवी घेऊन परत आलो आणि त्याच शाळेत विज्ञान शिकवायला लागलो. आता मी सरांचा सहकारी झालो होतो. शाळेच्या आवारात सर मला "अहो" म्हणत, फाटकाबाहेर पाय पडला की "अरे". ते अजूनही रस्त्यात मला ओळखत नसत.

एव्हाना त्यांच्या डोक्यात विमानातून काढलेल्या फोटोंनी घर केलं होतं. आज ज्याला दूरसंवेदन म्हणतात, उपग्रहावरून जंगलं मोजतात, दुष्काळ बघतात, ते शब्द तेव्हा आमच्या कानांवर आलेले नव्हते. सर त्याला "लांबून ओळख" म्हणत. जगात कुठे कोण असा अभ्यास करतं ते वाचनालयातल्या मासिकांतून शोधून ते त्या लोकांना पत्रं पाठवत. कधी उत्तर येई, कधी नाही. तिकिटं बघून पोस्टमन विचारी, "सर, आज कुठला डोंगर?"

असे फोटो त्या काळी कुणाच्याही हाती पडत नसत, परवानगी लागे. पुण्याच्या एका कॉलेजातल्या प्राध्यापकांकडे अभ्यासासाठी काही आले होते. सरांची पत्रं वाचून वाचून त्यांना दया आली असावी. आपल्या जबाबदारीवर त्यांनी पोलादपूरच्या डोंगरांच्या चार प्रती सरांना वापरायला दिल्या. कडेची तारीख-वेळेची पट्टी कापलेली होती. ते पाकीट भर पावसाळ्यात आलं. सरांनी ते धोतराच्या सोग्यात गुंडाळून पोस्टातून खोलीपर्यंत आणलं आणि स्वतः चिंब भिजले.

शेजारशेजारच्या दोन फोटोंकडे दोन भिंगांतून एकदम पाहिलं की डोंगर कागदातून उठून उभे राहतात. सरांनी चष्म्याची दोन भिंगं आणि पुठ्ठा घेऊन तसं यंत्र बनवलं होतं. महाडमधल्या अर्ध्या लोकांनी त्यातून पाहिलं. न्हाव्यानं डोळा लावला आणि कडा नाकावर आल्यासारखा मागं उडाला. आंबेनळीच्या फेरीवरचा एसटीचा ड्रायव्हर बराच वेळ बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "ह्या वळणावर मी रोज गाडी घालतो? उद्यापासून दुसरा मानूस बघा."

आमची वाडी त्या फोटोत होती. आणि वाडीभोवतीच्या उतारांवर लहान लहान काळे डाग होते. ओली जमीन फोटोत काळपट दिसते, हे सरांनी वाचलेलं होतं. एके संध्याकाळी त्यांनी मला बोलावून ते डाग दाखवले.

"पाणी आहे रे. तुझ्या वाडीच्या उशाशी पाणी आहे. वर दिसत नाही, पण जमिनीखाली ओल आहे."

सर कागदावर विसंबणारे नव्हते. आश्विनात वाटा मोकळ्या झाल्यावर आम्ही दोघं वर गेलो. डागांच्या जागी पोचलो तर तिथलं गवत आजूबाजूच्या गवतापेक्षा उंच आणि हिरवंगार. सरांनी वाडीतच राहणाऱ्या माझ्या दुसऱ्या चुलत्याला विचारलं, "नाना, ही जमीन कशी आहे?"

"एकदम बेस, मास्तर. हितं टाकाल ते उगवतंय."

सरांना आणखी काय हवं होतं? त्या हिवाळ्यात त्यांनी निबंध लिहिला. डोंगराळ वाड्यांना विहिरी कुठे खणाव्यात हे आकाशातून कसं ओळखायचं, असा विषय होता. इंग्रजी मी नीट केलं, टंकलेखन कोर्टाबाहेरच्या टायपिस्टनं केलं. पुण्याला मे महिन्यात परिषद होणार होती, परदेशातले अभ्यासक येणार होते. निबंध स्वीकारल्याचं कळलं त्या दिवशी सरांनी दुकानदाराला पेढा दिला आणि दुकानदार चक्क काही चेष्टा न करता तो खाऊन गप्प बसला.

वाडीनं श्रमदानानं विहीर खणायचं ठरवलं. पाडव्यानंतर सुरुवात करायची होती. बरेच काळे डाग होते, त्यांतला नेमका कुठला निवडायचा ते ठरवून खूण करायला सर मला घेऊन चैत्रात निघाले. खांद्यावर चुन्याची पिशवी. ते म्हणाले, "आधी डोंगराच्या समोरच्या सोंडेवर चढू. घारीसारखं एकदा बघून घेऊ, मग चुना टाकू."

सोंडेवर पोचलो आणि समोरचा उतार उघडा झाला. वाडीभोवती काळे चौकोन होते. फोटोतल्यासारखेच, त्याच जागी, तसेच. फरक एवढाच होता की त्यांतल्या दोन-तीनांतून धूर निघत होता.

राब भाजत होते.

आमच्याकडे भाताच्या रोपांसाठी जी जागा धरतात, तिच्यावर शेण, पालापाचोळा, गवत पसरतात आणि उन्हाळ्यात ते भाजतात. राखेवर रोपं जोमानं येतात. पावसाळा सरल्यावर गवतही तिथंच जोरात वाढतं. हे कोकणातल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. मी तर राबाच्या धुरात वाढलेला. तरी दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं की हे वरून असं दिसत असेल.

सोबत आणलेला फोटो सरांनी बाहेर काढून कातळावर ठेवला. एकदा खाली बघत, एकदा समोर. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होतो. मग ते हसायला लागले. हसता हसता चष्मा काढून डोळे पुसले.

"माझं आजोळ असल्याच डोंगरात. राबाचा वास घेत वाढलो मी. जन्मभर समोरून पाहिलेला माणूस एकदा वरून दिसला, आणि मी, मी त्याला विचारतोय, आपण कोण?"

वाडीत गेल्यावर नाना राबातल्या कोळपलेल्या डहाळ्यांच्या कवळावर पाय रोवून उभे होते. मी जरा चिडूनच म्हणालो, "नाना, इथं राब असतो हे तेव्हा सांगितलं का नाहीत?"

"मास्तरांनी इचारलं जमीन कशी हाय. मी सांगितलं बेस हाय. राब हाय का, असं कुनी इचारलंच नाय. आता राबाच्या जागेला राब हाय म्हनून सांगायचं असतं काय?"

"बरोबर आहे नाना," सर म्हणाले. "विहीर थांबवा. माझं चुकलं."

बाबांनी पहारी, घण गोळा करून ठेवले होते. आयेनं सरांसमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि पदर सारखा करत म्हणाली, "मास्तर, तुमचा फोटू पानी दाखवतो, पन पाजत नाय हो."

सरांनी तांब्या उचलला, दोन घोट घेतले आणि उरलेलं पाणी जपून हंड्यात परत ओतू लागले. आयेनं तो हात धरला. "उष्टं नका घालू त्यात. प्या आता सगळं," ती म्हणाली, आणि मग तिलाच हसू आलं.

पुण्याच्या प्राध्यापकांना सरांनी सगळं कळवलं. त्यांचं उलट टपाली उत्तर आलं: निबंध मागे घ्यावा, प्रकृतीचं कारण सांगावं, दोघांचीही शोभा टळेल. मलाही तेच शहाणपणाचं वाटलं.

"प्रकृती ठणठणीत आहे," सर म्हणाले. "आजारी आहे तो निबंध. आजारी माणसाला डॉक्टरकडे न्यायचं, की माळ्यावर लपवायचं?"

"पण सर, लोक हसतील."

"हसू देत. जमलेल्यांत एखादा तरी असेल ना, ज्याला माझ्यापेक्षा चांगलं दिसतं. वाडीला पाणी पाहिजे. ते काही माझ्या अब्रूतून पाझरणार नाही."

परिषदेला मीही गेलो. सरांनी लोकरी कोट घातला होता, मे महिन्यात, कारण त्यांच्याजवळ तेवढाच कोट होता. सभागृहात पंखे, जाड चष्मे, इस्त्रीच्या पँटी. सरांची पाळी जेवणानंतरची होती. अर्धं सभागृह पेंगत होतं. सर उभे राहिले आणि त्यांच्या त्या मराठी चालीच्या इंग्रजीत म्हणाले,

"सभ्य गृहस्थहो, आपल्या हातात माझा जो छापील निबंध आहे, तो चुकीचा आहे."

पेंगणारे जागे झाले. पुण्याच्या प्राध्यापकांनी कपाळाला हात लावला. सरांनी पडद्यावर फोटो लावायला सांगितला आणि राब म्हणजे काय, तो कसा भाजतात, त्यावर गवत कसं येतं, आपण हिरव्या गवताला कसे फसलो, सगळं सांगितलं. नानांचं वाक्यही सांगितलं. लोक हसले, पण ते हसणं वाईट नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "माझ्याजवळ उत्तर नाही. मी प्रश्न घेऊन आलोय. या फोटोत एक वाडी आहे. तिथल्या बायका उन्हाळ्यात वाटीनं पाणी भरतात. यात पाणी कुठं आहे, कुणाला दिसतंय का?"

मग मागच्या रांगेतून हॉलंडचे एक वयस्क प्राध्यापक उठले. इतके उंच की त्यांच्या डोक्याचा भूगोल बघायला सरांना शिडी लागली असती. ते म्हणाले, "मी तरुणपणी फोटोत एक तळं शोधून काढलं होतं. गुडघ्यापर्यंतचे बूट घालून बघायला गेलो. ती एका ढगाची सावली होती. तेव्हा आपण एकाच वर्गातले आहोत." आता सगळं सभागृह मोकळेपणानं हसलं. "मला एवढंच सांगा, हा फोटो कुठल्या महिन्यातला?"

"ठाऊक नाही," सर म्हणाले. "तारखेची पट्टी कापलेली..."

आणि ते थांबले. पडद्यावरच्या काळ्या चौकोनांकडे बघत राहिले. मला वाटलं, उन्हानं आणि कोटानं घेरी आली. मी अर्धा उठलोसुद्धा.

"चैत्र!" सर ओरडले. मराठीतच. "अहो, चैत्र आहे हा! राब भाजलाय. म्हणजे पावसाच्या आधी, भर उन्हाळ्यात काढलाय!"

त्या एका शब्दाचा अर्थ मी उभा राहून सगळ्यांना इंग्रजीत सांगितला. हॉलंडचे प्राध्यापक मान डोलावत म्हणाले, "म्हणजे तुमच्या चुकीनंच तुम्हाला तारीख दिली. आता या फोटोत खरोखरच कुठे ओल असेल, तर ती उन्हाळ्यातही टिकणारी ओल आहे."

पुढच्या निबंधाची वेळ झाली होती. अध्यक्षांनी घंटी वाजवली. सर आणि हॉलंडचे पाहुणे फोटो आणि पुठ्ठ्याचं यंत्र घेऊन व्हरांड्यात गेले आणि चहाच्या टेबलावरच्या कपबश्या बाजूला सारून बसले. थोड्या वेळानं पुण्याचे प्राध्यापकही कोट काढून त्यांच्यात सामील झाले. आधी सगळे चौकोन बाजूला काढले. सर म्हणाले, "माणूस चौकोन करतो. पाणी चौकोन करत नाही." मग बिनकडांचे, वेडेवाकडे डाग उरले. पाहुण्यांनी विचारलं, सावल्या कुठल्या बाजूला पडल्यात? सगळ्या झाडांच्या सावल्या पश्चिमेला होत्या, फोटो सकाळचा होता. झाडाकड्यांच्या पश्चिमेकडचे डाग म्हणजे नुसत्या सावल्या, तेही गेले. अखेर एकच उरला. कड्याच्या पायथ्याशी करवंदीची दाट जाळी होती, तिच्या पूर्वेला एक पुसट काळपट ओघळ. सूर्याच्याच बाजूला सावली पडत नाही.

"ती जाळी मला ठाऊक आहे," मी म्हणालो. "तिथं कुणी जात नाही. डुकरं असतात."

"डुकरं कशाला बसलीत तिथं?" सर म्हणाले.

परिषद संपल्यावर पाहुणे म्हणाले, मला ती जागा बघायची आहे. महाबळेश्वरावरून आंबेनळी उतरून जीपनं आम्ही आलो आणि पुढे पायी वर चढलो. आयेनं भात आणि कुळथाची पिठी केली होती. पाहुणे लांब पाय कसेबसे दुमडून ओटीवर बसले. सरांनी सवयीनं भाताचा डोंगर रचला आणि पिठीची सावित्री सोडली. पाहुण्यांनी ते नीट पाहिलं. मग आपल्या ताटातला भात थापून सपाट केला, कडेनं भाताचाच एक बांध घातला आणि बांधाबाहेर पिठी ओतून घेतली. म्हणाले, "आमचा देश असा आहे. आम्ही पाणी बाहेर ठेवायला धडपडतो."

मी ते घरच्यांना मराठीत सांगितलं. आयेनं तोंडाला पदर लावला. "गो बाय! पानी बाहेर ठेवतात? मग थोडं हिकडं पाठवा म्हनावं त्यांना."

मी तेही इंग्रजीत सांगितलं. पाहुण्यांनी उठून आयेला वाकून नमस्कार केला आणि वाकताना त्यांचं डोकं तुळईवर आपटलं.

करवंदीची जाळी तोडून जागा उघडी केली. वर माती कोरडी होती. हातभर उकरल्यावर ती बोटाला गार लागली. सर आणि पाहुणे दोघंही माती मुठीत धरून एकमेकांकडे बघत राहिले. पण त्या वर्षी पावसाळा तोंडावर आला होता. खणणं पुढच्या वर्षावर गेलं.

पुढच्या शिमग्याला मुंबईचे चाकरमानी आले. पालखी नाचवून झाली आणि माझ्या चुलतभावांनी रजा वाढवून पहारी धरल्या. एक जण म्हणाला, "मास्तर, ह्या वेळी नक्की का? नायतर आमची नोकरी जायची आणि राबासाठी खड्डा मिळायचा." सर म्हणाले, "नक्की काहीच नाही. तरीपण खणूया." गंमत म्हणजे वाडीला हे उत्तर आवडलं. मागच्या वर्षी सर ठाम होते, तेव्हा लोकांच्या मनात शंका होती. आता सरच शंका घेऊन आले होते, आणि पहारी थांबत नव्हत्या.

मऊ मुरूम संपला, कातळ लागला. सर दर रविवारी महाडहून येत आणि काठावर बसून आत बघत. चैत्र लागला. सभोवार राब धुमसत होते आणि वहाळात वाटी बुडत नव्हती. एके सकाळी कातळाच्या एका चिरेतून ओल आली, मग थेंब, मग दोरीएवढी धार. खालून कुणीतरी हाक मारली. सगळी वाडी धावली.

सरांनी हट्ट धरला, मला खाली सोडा.

"ह्या वयात, मास्तर?" बाबा म्हणाले.

"पडलो तर तुमच्याच विहिरीत पडेन."

कमरेला दोर बांधून, कोट काढून, धोतर खोचून त्यांना खाली सोडलं. त्यांचे पाय पाण्यात टेकले. घोट्याएवढं पाणी होतं. त्यांनी ते ओंजळीत घेतलं आणि प्यायले. मग चष्मा पुसून मान वर केली.

काठावर आम्ही सगळे गोल करून वाकलो होतो. मागे आभाळ. आयुष्यभर वरून खाली बघणारा तो माणूस बहुधा पहिल्यांदाच खालून वर बघत होता.

"अरे," खालून आवाज घुमला, "हे नाक नानांचं. ती हनुवटी तुझ्या बाबांची. आणि वहिनी, तुम्ही हसताय. दात दिसतायत."

आयेनं पदर तोंडाशी नेला आणि मग सोडून दिला.

"आणि हा तू," सर मला म्हणाले. "पोलादपूरकर. तोंड मिट, माशी जाईल."

पुढे महाडच्या बाजारात ते मला समोरून भेटले. मी हात जोडले. त्यांनी चष्मा वर ढकलला, माझ्याकडे निरखून पाहिलं. मग जरासे गुडघ्यांत वाकले, मान वाकडी करून माझ्या हनुवटीखालून वर बघितलं, आणि भर रस्त्यात त्यांचा चेहरा उजळला.

"तूच की रे," ते म्हणाले. "चल, चहा टाकू."